स्प्रिंगचा अर्धा वेढा

९ जानेवारी

धाकट्या,

वडीलधाऱ्या माणसाने पत्राची सुरुवात आशीर्वादाने करायची असते. मी तो शेवटासाठी राखून ठेवतो, द्यावासा वाटला तर देईन. अकरा वर्षांनी लिहितोय, एवढा हट्ट चालवून घे.

आधी कामाचं. आपल्या आबांची वीस-वीस किलोची तीन वजनं तुझ्याकडे आहेत. दुकानाची वाटणी झाली तेव्हा तू ती नेलीस आणि मी अडवलं नाही, कारण अडवायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. ती मला महिनाभर हवी आहेत. घरात एक काटा आहे, तो तपासायचा आहे. माझं काटेदुरुस्तीचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घरात चुकार काटा असला की मला जेवण गोड लागत नाही.

जेवण तसंही गोड लागत नाही म्हणा. तोंडाला सारखी पितळ चाटल्यासारखी चव असते. तुझ्या वहिनीने कुणाकडून तरी तुला कळवलं असेलच, माझी दोन्ही मूत्रपिंडं संपावर गेली आहेत. पूर्ण नाही, शंभरातले नऊ कामगार अजून येतात. काळजीचं काही नाही. सोमवारी दवाखान्यातून सिस्टर येते, बोटाने पाय दाबून बघते, एक फॉर्म देते. त्यात खाज, मळमळ, धाप, पायांत गोळे, झोप अशी सतरा दुखणी लिहिलेली आहेत, आणि प्रत्येकासमोर शून्य ते चार आकडे. शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे असह्य. मी सतराही ठिकाणी शून्य करतो. सिस्टर म्हणते, "काका, तुमच्यासारखा पेशंट नाही." मी म्हणतो, खरं आहे.

तुझी वहिनी रोज सकाळी मला काट्यावर उभं करते आणि आकडा फ्रिजवरच्या तक्त्यात लिहिते. पट्टीने रेघा मारून केलाय तक्ता. दोन किलो वाढलं तर दवाखान्यात फोन करायचा, कारण ते वजन अन्नाचं नसतं, अंगात साचलेल्या पाण्याचं असतं. आज सकाळीही काटा साठावर आहे, तसूभर हललेला नाही.

वजनांचं तेवढं बघ. पार्सलवाला शिव्या देईल, त्या माझ्या नावावर टाक.

दादा

२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "वजनं पाठवत नाही. काटा कुणाचा?" एवढंच. अकरा वर्षांत तुझं अक्षरही सुधारलं नाही आणि स्वभावही.

काटा माझाच आहे. न्हाणीघराबाहेर असतो तो, गोल तबकडीचा, आत स्प्रिंग. नाही पाठवायची वजनं तर नको पाठवूस, माझं काही अडलेलं नाही.

पण आता लिहायला बसलोच आहे तर सांगतो. दवाखान्यात दोन वाटा दाखवल्यात. एक मशीनची. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, हाताला सुया. दुसरी वाट मशीनशिवायची. त्या वाटेला एक वेगळ्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्या विभागाचं नाव पॅलिएटिव्ह. ते नाव ऐकलं आणि तुझी वहिनी भिंतीला टेकली. तिच्या लेखी त्याचा अर्थ एकच, की डॉक्टरांनी हात टेकले. बाई म्हणाल्या तसं नाही, औषधं सुरूच राहतात, फक्त यांना त्रास कमी कसा होईल ते आम्ही आधी बघतो. ऐकतंय कोण!

आपल्या मामाचं तुला आठवतं? मशीनने त्याला सहा वर्षं दिली, मी नाही म्हणत नाही. पन्नाशीचा होता, मशीनवरून उठून थेट कामावर जायचा. मी चौऱ्याहत्तरचा, आणि माझं हृदय म्हणजे जुना पंप. मोठ्या डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं की तुमच्या बाबतीत मशीनने दिवस वाढतील की नाही सांगता येत नाही, दवाखान्यातले दिवस मात्र नक्की वाढतील. मला नको ते. मला माझ्या खिडकीपाशी बसायचंय. तुझ्या वहिनीला मात्र मशीन हवं आहे. ती भांडत नाही, नुसती तक्ता बघत उभी राहते. वजन साठ आहे तोवर बिचारी गप्प आहे. म्हणून ते साठच राहायला हवं.

बाकी ठीक. खाज येते थोडी. कोरड्या हवेची असेल. मी लाकडी फूटपट्टी वापरतो, तिची कड आता गुळगुळीत झाली आहे. शर्ट पूर्ण बाह्यांचे घालतो म्हणजे ओरखडे दिसत नाहीत. संध्याकाळी टेकलं की पाय स्वस्थ बसत नाहीत, त्यांना कुठे जायचंय देव जाणे. उशा एकाच्या तीन झाल्यात, आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसतं. फॉर्मवर शून्य करतो. एकदा एक जरी लिहिलं की हे लोक दोन विचारणार, आणि दोनवरून मशीनपर्यंत जायला कितीसा वेळ लागतो?

तू हे वहिनीला कळवू नकोस. तुमचं कार्ड-पत्र चालतं हे मला माहीत आहे. तुझा पत्ता मला शोधावा लागला नाही, तिच्या सुयांच्या डब्यात होता.

दादा

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

दवाखान्यातून लिहितोय. नाकाला नळी आहे, त्यामुळे ओळी वाकड्या जातील.

मंगळवारी दुपारी पोस्टापर्यंत जाऊन आलो आणि आपल्याच जिन्याच्या चौथ्या पायरीवर श्वास संपला. तोंड उघडं, हवा समोर आणि आत येईना. तुझी वहिनी चप्पल न घालता खाली धावली. मी घाबरलो रे. माझी अशी कधीच पाचावर धारण बसली नव्हती.

इथे आल्यावर त्यांनी मला त्यांच्या काट्यावर उभं केलं. सहासष्ट. सिस्टरने तक्ता बघितला, तिथे त्याच सकाळी साठ लिहिलेलं. ती म्हणाली, "ताई, घरचा काटा बिघडलाय."

आणि तुझी वहिनी, जी घरात माझ्याशिवाय कुणाशी आवाज चढवून बोलत नाही, ती त्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या घरचा काटा बिघडणार नाही. माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी लावलेला आहे तो. यांनी चाळीस वर्षं काटे लावलेत, मापात कधी पाप केलं नाही, सख्ख्या भावालाही सोडलं नाही. तुमचाच काटा तपासून घ्या!"

मी तोंडावर मास्क लावून ऐकत होतो. सिस्टर खरंच दुसरा काटा घेऊन आली. त्यावरही सहासष्ट. तुझी वहिनी तिसरा मागायला लागली. तेव्हा मी मास्क काढला आणि सांगितलं.

तुलाही सांगतो. तुला एव्हाना कळलंच असेल, कारण ही करामत तुझी आहे. स्प्रिंगच्या टोकाचा अर्धा वेढा बारीक तारेने करकचून बांधायचा, मग वरचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा. रिकामा असताना कुणाच्या बापाला कळत नाही. भार पडला की कमी दाखवतो. किराणेवाल्याच्या काट्यात अकरा वर्षांपूर्वी तू हेच केलंस, आणि मी वजनमापाच्या निरीक्षकाला तुझं नाव सांगितलं, आणि तुझा परवाना गेला. जानेवारीत माझं वजन बासष्ट झालं तेव्हा मी तोच अर्धा वेढा बांधला. ती बाजारात गेली की बांधायचो. पुढे जसजसं पाणी साचलं तसतसा आणखी थोडा, आणखी थोडा. काटा साठावर बघून डॉक्टरांनी पाणी उतरवायची गोळी अर्धी केली. गोळी अर्धी, पाणी दुप्पट. एवढा शहाणा मी.

पहिलं पत्र तुला लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मी पहिली तार बांधली होती. वजनं मला तपासायला नको होती. मला तू हवा होतास. ते लिहायची लाज वाटली म्हणून वजनं मागितली.

तुझी वहिनी मघाशी डबा ठेवून गेली. झाकण उघडून दिलं नाही.

दादा

१ मार्च

धाकट्या,

घरी आलोय. वजन एकसष्ट, दवाखान्याच्या काट्यावर. घरचा काटा तिने उलटा करून कपाटाखाली सरकवलाय.

सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर बसल्या. खुर्ची होती, तरी खाटेवर. माझ्या शर्टाची बाही त्यांनी विचारून वर केली आणि ओरखडे बघितले. म्हणाल्या, "काका, सतरा शून्यं? ही खाज शून्य?"

मी म्हटलं, चार लिहिलं असतं तर तुम्ही मला मशीनवर टाकलं असतं.

त्या म्हणाल्या, "चार लिहिलं असतं तर मी तुम्हाला झोपायच्या आधी एक लहानशी गोळी दिली असती. खाजेला आणि पायांना, दोघांना तीच. मळमळीला वेगळी. मशीन घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे, ते काही फॉर्मवरून ठरत नाही. फॉर्म माझ्यासाठी असतो. मला दिसलं नाही तर मी औषध कशावर देऊ?"

दोन महिने मी अंग सोलून घेतलं, एका गोळीपायी. हसू नकोस. किंवा हस, मलाही आधी हसूच आलं, मग रडलो. बाईंसमोरच. काट्याचं माझं शिक्षण आबांच्या पहिल्या धड्यापासून सुरू होतं: शून्य बघून काटा पास करायचा नाही, भार ठेवून बघायचा. तो धडा मी गिऱ्हाइकांना शिकवला आणि स्वतःच्या अंगाला लावला नाही.

आता खरी अडचण ऐक. मी बाईंना सांगितलं, मशीन नको, हा माझा शुद्धीतला निर्णय आहे. कागद तयार झाला. तुझी वहिनी कागदाला हात लावेना. त्यावर तिच्या सहीची गरज नाही, पण तिचं मन त्यात नसेल तर मी घरात मरणार कसा? उद्या धाप लागली की ती मला उचलून नेईल, आणि तिचंही चुकणार नाही. ती मला एवढंच म्हणाली, "ज्या माणसाने दीड महिना मला खोटा आकडा लिहायला लावला, त्याचं 'नको' तरी खरं कशावरून? घाबरून म्हणत असाल. मला त्रास कमी दाखवायला म्हणत असाल. कसं कळणार मला?"

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला पहिल्यांदा असं विचारलं.

मग ती म्हणाली, "भाऊजींना बोलवा. तो काटा ते उघडतील, ते लावतील. त्यांना ही लबाडी माहीत आहे, त्यांच्यापासून ती लपणार नाही. त्यांनी बरोबर म्हटलं तर मी त्या काट्यावर विश्वास ठेवीन. मग तुमच्यावर ठेवायचा का ते बघू."

म्हणजे बघ, ज्याला मी चोर ठरवलं त्याची साक्ष आता मला लागते आहे. तू ये. माझे हात थरथरतात, स्क्रू धरवत नाही. आणि दिवस किती आहेत ते मोठे डॉक्टर सांगत नाहीत. आठवडे म्हणतात कधी, महिने म्हणतात कधी. सकाळी जाग आली की मी आधी पाय चाचपतो, किती सुजलेत. मग दाराकडे बघतो.

दादा

८ मार्च, शनिवार

धाकट्या,

"रविवारी येतो. वजनं आणतो." तुझं हे कार्ड तुझ्या वहिनीने तक्त्याशेजारी लावलंय. सकाळपासून तीनदा सरळ केलं.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या तू आलास की चहाच्या आधी हातात देईन. तोंडाने मला सांगता येणार नाही, मध्येच धाप लागेल आणि तुला वाटेल की सोंग करतोय.

किराणेवाल्याच्या काट्याची वार्षिक तपासणी माझ्याकडे होती. निरीक्षक येण्याआधी तीन आठवडे मी त्या दुकानात गेलो होतो. काटा रिकामा होता, शून्यावर होता. वजनं गाडीत होती, ऊन होतं, पाठ दुखत होती. मी भार ठेवला नाही. शून्य बघितलं आणि काटा ठीक असल्याच्या दाखल्यावर सही केली. घरी येताना वाटलंही, हाताने दाबून सोडला तेव्हा हा काटा जरा जास्तच चटकन शून्यावर बसला. स्प्रिंग ताठ झाल्यासारखी. मला कळलं होतं, धाकट्या. तेव्हाच कळलं होतं आणि हेही कळलं होतं की असं काम एकाच माणसाचे हात करतात.

मी तुझ्याकडे यायला हवं होतं. कान धरून ती तार तुझ्याकडून सोडवून घ्यायला हवी होती. मी काहीच केलं नाही. निरीक्षकाने धरलं तेव्हा मात्र तुझं नाव आधी सांगितलं, मोठ्याने, त्याने दाखला बघायच्या आत. लोक म्हणाले, काय सचोटीचा माणूस, भावालाही सोडलं नाही. तुझ्या वहिनीने दवाखान्यात तेच म्हटलं, आणि मास्कच्या आत मला धाप वेगळ्याच कारणाने लागली.

तू गुन्हा केलास. पण मी सही केली होती. हे वाचून आल्यापावली परत गेलास तर मी काय म्हणणार? फक्त आधी ती तार सोडव. तिच्यासाठी.

दादा

१७ मार्च

धाकट्या,

तू गेल्याला आठ दिवस झाले. तुझ्या वहिनीला तू जिन्यात दिसलास तसा सारखा आठवतो, वीस किलो पोटाशी धरलेलं आणि तोंड लालबुंद. "त्यांना म्हणावं पुढच्या वेळी एकेक करून चढवू नका, हमाल करा," म्हणते. पुढच्या वेळी म्हणते, हे मी लक्षात ठेवलंय.

तू पत्र मोरीजवळच्या स्टुलावर बसून वाचलंस. मी तुझी मान बघत होतो. घडी करून खिशात टाकलंस, आणि मला म्हणालास, "स्क्रू ड्रायव्हर कुठला, बारीक की जाड?" त्या एका वाक्यासाठी मी रात्रभर जागा होतो.

तार सोडवलीस. एक वजन ठेवलंस, वीस. दुसरं, चाळीस. तिसरं, साठ. काटा बरोबर साठावर थांबला आणि तुझी वहिनी वाकून बघत होती, तिचा श्वास मला ऐकू आला. मग तू म्हणालास, "दादा, चढ." मी चढलो. तू आकडा मोठ्याने वाचलास, जसा आबा वाचायचे. "बासष्ट पूर्णांक चार." तिने लिहिला. लाल शाईने लिहिला, कारण वाढला होता. तरी लिहिला.

मग तिने तो सतरा ओळींचा फॉर्म घेतला आणि तिथेच उभी राहून विचारायला लागली. खाज? मी म्हटलं तीन, गोळीने एक उतरलाय. पाय? दोन. धाप? तीन. भूक? चार. थकवा? चार. मन? त्या ओळीवर मी अडलो. तू काट्याचं झाकण बसवत होतास, मान वर न करता म्हणालास, "भार ठेवून सांग." मी म्हटलं चार. भीती वाटते मला, रोज वाटते, मरणाची कमी आणि श्वास कोंडायची जास्त. तिने लिहिलं. तिला हे माहीत नव्हतं. मग तिने फॉर्मवर नसलेलं विचारलं, "आणि मशीन?" मी म्हटलं, नको. तिने माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. तू मानेनेच हो म्हणालास. ती आत गेली आणि कपाटातून तो कागद काढून टेबलावर ठेवला.

गेल्या सोमवारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. कोंडणाऱ्या श्वासासाठी थेंबांचं औषध घरात ठेवून गेल्या. धाप लागली तर किती थेंब, कधी फोन, सगळं तुझ्या वहिनीने तक्त्याखाली लिहून घेतलंय. परवा एकदा लागली. तिने थेंब दिले, पंखा लावला, पाठीवर हात ठेवून बसली. उचलून नेलं नाही. तिचा हात गार पडला होता, पण तो तिने काढला नाही.

आता एक विचारतो. दारातून निघताना तू चपला घालता घालता म्हणालास, "सही तुझी होती ते मला त्याच दिवशी कळलं होतं. दाखला निरीक्षकाच्या हाती लागायच्या आत मी फाडला." एवढं बोललास आणि जिना उतरलास. मी तुझ्यामागे येऊ शकलो नाही, तुला माहीत होतं की येऊ शकणार नाही.

अकरा वर्षं तू गप्प राहिलास. मला खोटं पाडायला तुला एक वाक्य पुरलं असतं. मी ते सारखं मनात तोलून बघतो आणि प्रत्येक वेळी माझंच पारडं वर जातं.

आज सकाळी वजन त्रेसष्ट. पाणी वाढतंय, गोळी वाढवली आहे, ती किती दिवस पुरेल ते बाईंनाही सांगता येत नाही. तबकडीवरचा आकडा मला आता उभ्याने दिसत नाही आणि वाकलं की चक्कर येते. तुझी वहिनी वाचते, पण ती आधी डोळे पुसते आणि मग वाचते, त्यात वेळ जातो.

पहिल्या पत्रात मी आशीर्वाद राखून ठेवला होता, मोठा भाऊ म्हणून. तो माझ्याकडे कधी नव्हताच, तुझ्याकडे होता. रविवारी घेऊन ये, आणि आकडा तू वाच.

दादा